कोपऱ्यातले सोळा जण

१ फेब्रुवारी २०१६ रोजी संध्याकाळी साडेसहा वाजता मी आयोवा राज्यातील डी मॉइन शहराच्या एका उपनगरात, प्राथमिक शाळेच्या दाराशी रांगेत उभी होते. रात्री उशिरा हिमवादळ येणार असल्याचा इशारा हवामान खात्याने दिला होता; तरीही रांग इमारतीला वळसा घालून वाहनतळापर्यंत पोचली होती. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन मला दीड वर्ष झाले होते आणि अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या निवडीत भाग घेण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. मतदान म्हणजे आडोशाला जाऊन कागदावर खूण करायची, घडी घालायची आणि दोन मिनिटांत बाहेर पडायचे, हीच माझी कल्पना होती. त्या रात्री मी तिथे जवळजवळ तीन तास होते आणि बहुतेक वेळ उभी होते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही, त्यामुळे पक्षाने आपला उमेदवार कसा निवडावा याबद्दल ती काहीच सांगत नाही. ही सगळी व्यवस्था पक्षांनी स्वतःच्या नियमांनी आणि राज्यांनी आपापल्या कायद्यांनी हळूहळू रचलेली आहे, आणि म्हणूनच ती राज्यागणिक बदलते. बहुतेक राज्यांत प्रायमरी होते, म्हणजे निवडणूक यंत्रणा नेहमीसारखी केंद्रे उघडते आणि लोक गुप्त मतदान करतात. आयोवासारख्या काही राज्यांत मात्र कॉकस होत असे. कॉकस ही पक्षाने स्वतः भरवलेली मोहल्ल्याची सभा असते. दोन्ही पद्धतींत सामान्य माणूस थेट उमेदवार निवडत नाही. कोणत्या उमेदवाराला किती प्रतिनिधी मिळणार एवढेच त्याच्या मताने ठरते आणि ते प्रतिनिधी उन्हाळ्यात राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ४,७६३ प्रतिनिधी होते आणि उमेदवारीसाठी २,३८२ लागत होते; रिपब्लिकन पक्षात हाच आकडा २,४७२ पैकी १,२३७ होता. पक्षश्रेष्ठी ज्याच्या नावापुढे खूण करतील त्याला तिकीट, अशी पद्धत पाहत लहानाची मोठी झालेल्या माझ्यासारखीला हे सारेच नवलाचे होते. त्यातच, हे प्रतिनिधी माझ्याच शेजारपाजारच्या लोकांमधून निवडले जाणार आहेत, हे मला रांगेत उभे राहीपर्यंत नीट कळले नव्हते.

माझ्यापुढे एक वृद्ध गृहस्थ होते आणि त्यांच्यापुढे सतरा वर्षांची एक मुलगी होती. नोव्हेंबरमधील निवडणुकीच्या दिवसापर्यंत अठरा वर्षे पूर्ण होणार असतील तर कॉकसला येता येते, ही सवलत तिने दारावरच्या स्वयंसेवकालाच समजावून सांगितली. मतदार म्हणून नाव नसेल किंवा पक्षाची नोंद वेगळी असेल, तर तिथल्या तिथे अर्ज भरून डेमोक्रॅट होता येत होते. अट एकच होती: सात वाजण्यापूर्वी रांगेत पाय लागला पाहिजे. वृद्ध गृहस्थ १९७२ पासून प्रत्येक कॉकसला आलेले होते. त्यांनी मला १९६८ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती, तरीही पक्षाच्या पुढाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या बळावर शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी त्यांनाच मिळाली. सभागृहाबाहेर पोलीस आणि निदर्शक यांच्यात जे घडले ते साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि प्रतिनिधी उघड सभांमधून किंवा प्रायमरीतून निवडण्याचे बंधन आले. आयोवातील प्रक्रिया मोहल्ल्याची सभा, काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा भाग), मतदारसंघ आणि राज्य अशा चार टप्प्यांची होती आणि टप्प्याटप्प्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवायचे तर पहिली सभा जानेवारीतच घ्यावी लागत होती. अशा रीतीने आयोवा देशात पहिले आले. त्याचे महत्त्व पुढे १९७६ मध्ये लोकांना कळले. त्या वर्षी सर्वाधिक कौल 'अनिश्चित' या पर्यायाला मिळाला होता, पण नावे असलेल्या उमेदवारांत जिमी कार्टर पहिले आले आणि वर्षभरात ते अध्यक्ष झाले. "तेव्हा आमच्या दिवाणखान्यात सभा झाली होती," ते गृहस्थ म्हणाले, "अकरा माणसे होती आणि केक उरला होता."

आत शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये घड्याळाकडे कुणाचे लक्ष नव्हते, कारण रांगेतला शेवटचा माणूस आत येईपर्यंत मोजणी सुरू होऊ शकत नव्हती. तोपर्यंत पुढाऱ्यांची पत्रे वाचून दाखवण्यात आली, पक्षनिधीसाठी एक लिफाफा हातोहात फिरला आणि सभेचा अध्यक्ष व सचिव यांची आवाजी मताने निवड झाली. मग शिरगणती झाली. प्रत्येकाने क्रमाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा होता; कोपऱ्यात बसलेल्या एका आजोबांनी एकशे बारा हा आकडा दोनदा म्हटल्यामुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. अखेर २१७ हा आकडा कायम झाला. आमच्या विभागाला, ज्याला तिथे प्रिसिंक्ट म्हणतात, काउंटी अधिवेशनासाठी सात प्रतिनिधी ठरवून दिलेले होते. हा आकडा आधीच्या निवडणुकांत पक्षाला त्या विभागात पडलेल्या मतांवरून अगोदरच ठरतो. सभेला पन्नास लोक आले काय आणि पाचशे आले काय, सातचे आठ होत नाहीत. सभेच्या अध्यक्षांनी नंतर फळ्यावर ३३ हा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. उपस्थितांच्या पंधरा टक्के म्हणजे ३२.५५, वर उचलून ३३. ज्या गटात तेवढी माणसे जमणार नाहीत, तो गट बाद.

यानंतर जे होते त्याला मतदान म्हणणे मला आजही जड जाते. हॉलच्या खिडक्यांकडील बाजूला बर्नी सँडर्स यांचा फलक लागला, स्वयंपाकघराच्या बाजूला हिलरी क्लिंटन यांचा, आणि कचऱ्याच्या डब्यांजवळच्या कोपऱ्यात मार्टिन ओमॅली यांचा. अर्ध्या तासात प्रत्येकाने चालत जाऊन आपापल्या फलकाखाली उभे राहायचे होते. सगळेच उघड असल्यामुळे कोण कुठे चालले आहे ते सर्वांना दिसत होते. माझ्या मुलाच्या वर्गशिक्षिका खिडकीकडे गेल्या. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी एका बाजूला पत्नीला सोडले आणि ते दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, त्यावर हॉलमध्ये हशा झाला. पण एक तरुण बराच वेळ मधोमध घुटमळत राहिला आणि त्याचा वरिष्ठ ज्या गटात होता त्याच गटात शेवटी जाऊन मिसळला. त्याचे मन खरोखरच तिकडे होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. गुप्त मतदानात असा प्रश्नच उद्भवला नसता. रिपब्लिकन पक्षाच्या सभा त्याच रात्री दुसऱ्या इमारतींत होत्या आणि तिथे भाषणे संपली की चिठ्ठीवर नाव लिहून गुप्तपणे मत देता येत होते. उभे राहण्याचा हा प्रकार फक्त डेमोक्रॅटांचा.

मी कचऱ्याच्या डब्यांजवळ गेले. मेरिलँडचे माजी गव्हर्नर असलेल्या ओमॅली यांना मी एका ग्रंथालयातील लहानशा खोलीत ऐकले होते. तिथे तीसेक माणसे होती आणि त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर देताना टिपण पाहिले नव्हते. माझ्या निवडीचे कारण एवढेच होते, आणि मोठ्या मैदानांत दोन्ही बड्या उमेदवारांच्या सभा पाहिल्यावर मला ते पुरेसे वाटले होते. पहिल्या मोजणीत सँडर्स यांच्याकडे ९९, क्लिंटन यांच्याकडे ९४, कुणाच्याच बाजूला न गेलेले ८ आणि आमच्या कोपऱ्यात १६ जण भरले. तेहेतीसला सतरा कमी. आठ अनिश्चित लोक सगळेच्या सगळे आमच्याकडे आले असते तरी नऊ कमी पडत होते. मुरलेले कार्यकर्ते अशा वेळी स्वतःचीच चार माणसे लहान गटाला उसनी देत, जेणेकरून तो गट टिकावा आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याचा एखादा प्रतिनिधी कापला जावा. पण नऊ माणसे उसनी देण्याइतकी उदारता दोन्ही बाजूंपैकी कुणालाच परवडणारी नव्हती.

बाद झालेला गट एकदम लाडका होतो. फळ्यावर आकडे लिहून होताच दोन्हीकडचे लोक आमच्या कोपऱ्यात शिरले आणि पंधरा मिनिटे आमची अशी मनधरणी झाली की लग्नघरात रुसलेल्या व्याह्यांचीही होत नसेल. सँडर्स यांच्या बाजूने आलेला विद्यार्थी मला महाविद्यालयीन शुल्काचे गणित सांगत होता आणि ते तो फार चांगले सांगत होता. क्लिंटन यांच्या गटाच्या प्रमुख असलेल्या निवृत्त ग्रंथपाल बाई मात्र धोरणाविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी माझे नाव विचारले, ते दोनदा म्हणून पाहिले, आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे या. आमच्याकडे काउंटीला जायला माणसेच मिळत नाहीत. एक जागा तुम्हाला देऊ." ही लाच आहे की निमंत्रण, हे मला कळेना. नंतर समजले की हा सौदा नियमांत पूर्णपणे बसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मी त्यांच्याबरोबर गेले. केवळ जागेसाठी गेले असे नाही, दोघांच्या आरोग्यविमा योजनांबद्दल माझे काही मत होते. पण जागेचा मोह नव्हता असेही म्हणवत नाही.

दुसऱ्या मोजणीत क्लिंटन यांच्याकडे ११० आणि सँडर्स यांच्याकडे १०५ माणसे झाली. आमच्या कोपऱ्यातील दोघे कोट चढवून घरी निघून गेले होते. वादळापूर्वी गाडी घरी न्यायची होती त्यांना. विभागणीचे सूत्र असे की गटातील माणसांना प्रतिनिधींच्या संख्येने गुणायचे आणि सुरुवातीच्या एकूण उपस्थितीने भागायचे, मधेच कोणी निघून गेले तरी भाजक बदलत नाही. ११० गुणिले ७ भागिले २१७ म्हणजे ३.५५, म्हणून चार प्रतिनिधी. १०५ गुणिले ७ भागिले २१७ म्हणजे ३.३९, म्हणून तीन. केवळ तीन माणसे इकडची तिकडे गेली असती तर आकडे १०७ आणि १०८ झाले असते, दोन्ही भागाकार साडेतीनच्या खाली राहिले असते, आणि उरलेली सातवी जागा मोठ्या अपूर्णांकाच्या नियमाने सँडर्स यांच्याकडे गेली असती. पहिल्या मोजणीत पाचने पुढे असलेला गट दुसऱ्या मोजणीत पाचने मागे पडला होता, आणि फरक पडला तो आमच्या कोपऱ्यामुळे.

या भागाकारात आणखी एक गंमत आहे, ती मला ग्रंथपाल बाईंनी कागदावर मांडून दाखवली. एखाद्या विभागाला चारच प्रतिनिधी असतील आणि लोक साठ टक्के विरुद्ध चाळीस टक्के असे विभागले गेले, तर भागाकार २.४ आणि १.६ येतो, आणि दोघांनाही दोन-दोन जागा मिळतात. वीस टक्क्यांची आघाडी जागच्या जागी विरून जाते. विषम संख्येच्या विभागात मात्र एका माणसाच्या फरकाने पूर्ण एक जागा हलू शकते. त्यामुळे जाणते कार्यकर्ते आपला वेळ सम विभागांत घालवत नसत. आमचा विभाग सातचा असल्यामुळेच महिनाभर आमच्या दारावर इतक्या टकटकी होत होत्या, हे त्या कागदावरून मला उमगले.

माझ्या शेजारणीच्या दारावरही त्या होत होत्या, पण ती आली नव्हती. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि त्या सोमवारी तिची रात्रपाळी होती. कॉकसला टपालाने मत पाठवता येत नव्हते, आगाऊ देता येत नव्हते, कोणाला आपल्या वतीने पाठवता येत नव्हते. परदेशातील सैनिक आणि काही मोजक्या ठिकाणांचा अपवाद सोडला तर सोमवारी सात वाजता तुम्ही त्या हॉलमध्ये नसाल, तर तुमची पसंती जगाच्या दृष्टीने नव्हतीच. ज्यांची लहान मुले कुणाकडे ठेवता येत नाहीत, ज्यांना दोन तास उभे राहवत नाही, ज्यांचा मालक सोमवारची सुट्टी देत नाही, ते सगळे अशा रीतीने गाळले जात. त्या रात्री राज्यभर डेमोक्रॅटांच्या सभांना सुमारे १ लाख ७१ हजार लोक आले, याचे वर्तमानपत्रांनी कौतुक केले. राज्याची लोकसंख्या तीस लाखांहून अधिक आहे.

मोजणी संपल्यावर हॉल रिकामा झाला. उरलेल्या कामात प्रतिनिधींची निवड आणि पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी ठरावांची चर्चा होती. चार प्रतिनिधी आणि चार पर्यायी प्रतिनिधी हवे होते, आमच्या गटातील ११० पैकी हॉलमध्ये अकरा लोक उरले होते आणि हात वर केले ते सहा जणांनी. ग्रंथपाल बाईंना आपला शब्द पाळण्यासाठी काहीच करावे लागले नाही.

मध्यरात्र उलटून गेली तरी निकाल स्पष्ट नव्हता. शेवटी जाहीर झाले ते क्लिंटन ४९.८ टक्के आणि सँडर्स ४९.६ टक्के. हे टक्के माणसांचे नव्हतेच. आमच्या सातसारखे सगळ्या विभागांतील प्रतिनिधी राज्य अधिवेशनातील किती प्रतिनिधींच्या तोडीचे होतात, त्याचा तो हिशेब होता. प्रत्यक्ष किती माणसे कोणाच्या बाजूने उभी होती हे पक्षाने त्या वर्षी जाहीरच केले नाही. काही विभागांत शेवटची जागा नाणे उडवून ठरली होती. ओमॅली यांनी त्याच रात्री माघार घेतली, म्हणजे माझा मूळ उमेदवार माझ्यामागोमागच बाहेर पडला. रिपब्लिकन बाजूला टेड क्रूझ २७.६ टक्के मिळवून पहिले आले, डोनाल्ड ट्रम्प दुसरे. पण क्रूझ यांना राज्याच्या तीस प्रतिनिधींपैकी आठ मिळाले आणि ट्रम्प व तिसरे आलेले मार्को रुबिओ यांना प्रत्येकी सात.

त्यानंतर १२ मार्चचा शनिवार उजाडला. काउंटी अधिवेशनाला मी डबा घेऊन गेले, हा त्या वर्षी मी घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. सकाळचा बराचसा वेळ ओळखपत्रे तपासण्यात गेला. ठरलेल्या वेळेपर्यंत जो प्रतिनिधी येत नाही त्याच्या जागी त्याच गटाचा पर्यायी प्रतिनिधी बसवतात, आणि तोही नसेल तर खुर्ची रिकामी राहते. मग उपस्थितांवरून पुन्हा पंधरा टक्क्यांची चाळणी, पुन्हा भागाकार, पुन्हा जागावाटप. म्हणजे फेब्रुवारीच्या रात्री सारे जग ज्या निकालावर चर्चा करून मोकळे झाले होते, तो निकाल मार्चमध्ये कोण किती वाजता उठले यावर थोडा इकडेतिकडे होऊ शकत होता. आमच्या विभागाच्या चार क्लिंटन प्रतिनिधींपैकी तिघे आले. समोरच्या तिघांपैकी तिघे आले, शिवाय त्यांचे तिन्ही पर्यायीही दाराबाहेर उभे होते, कोणी गैरहजर राहावे अशी प्रार्थना करत. राज्यभरातून असे सुमारे ११ हजार काउंटी प्रतिनिधी निवडलेले होते आणि पुढच्या टप्प्यांसाठी त्यांतून सुमारे १,४०० उरायचे होते.

ही चाळण किती निर्णायक ठरू शकते, याचा दाखला त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाने चार वर्षांपूर्वी दिला होता. २०१२ च्या कॉकसच्या रात्री मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले. दोन आठवड्यांनी प्रमाणित आकड्यांत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आणि उन्हाळ्यात टँपाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी मत दिले ते रॉन पॉल यांना, जे कॉकसमध्ये तिसरे आले होते. त्या वेळी कॉकसमधील मते प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हती, आणि पॉल यांचे समर्थक प्रत्येक सभेत दिवे मालवेपर्यंत बसून राहिले होते. यात बेकायदेशीर काहीच नव्हते. २०१६ पासून पक्षाने मते बंधनकारक केली, ती बहुधा या अनुभवानंतरच्या शहाणपणातून.

संध्याकाळी साडेपाचला आमच्या गटातून पुढच्या टप्प्याचे प्रतिनिधी निवडायला सुरुवात झाली. प्रत्येक इच्छुकाला अर्धा मिनिट मिळाला. मी उभी राहिले आणि माझे अर्धे मिनिट नावाचा उच्चार सांगण्यातच गेले. तरीही पर्यायी प्रतिनिधी म्हणून निवडून आले. ३० एप्रिलच्या मतदारसंघ अधिवेशनात मला दुपारी दोन वाजता एका गैरहजर माणसाच्या खुर्चीवर बसवण्यात आले. राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे बरेचसे प्रतिनिधी इथेच निवडले जातात आणि स्त्रिया व पुरुष यांची संख्या सारखी राखावी लागते, त्यामुळे दोन वेगळ्या याद्या आणि दोन वेगळी मतदाने होती. त्या अधिवेशनासाठी फिलाडेल्फियाला जाण्याचा विमानप्रवास आणि हॉटेलचा खर्च प्रतिनिधीने स्वतःच करायचा असतो, हे व्यासपीठावरून सांगितले गेले तेव्हा स्त्रियांच्या यादीतील दोन नावे मागे घेण्यात आली. माझ्या शेजारी बसलेले शेतीअवजारांच्या कारखान्यातील एक कामगार तेवढ्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकत होते. ते त्या फेरीत पडले. त्यांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले आणि राज्य अधिवेशनात आणखी काही जागा भरायच्या असतात असे सांगितले.

मी तिथे थांबले. जूनमधील राज्य अधिवेशनाला गेले नाही. तिसऱ्या शनिवारची माझी तयारी नव्हती. आयोवाचे ४४ बांधील प्रतिनिधी अखेर २३ क्लिंटन आणि २१ सँडर्स असे विभागले गेले. याशिवाय पक्षाचे पदाधिकारी, खासदार, गव्हर्नर असे देशभरात सातशेहून अधिक सुपरडेलिगेट होते, ज्यांना अशा कोणत्याही हॉलमध्ये उभे राहावे लागले नव्हते आणि जे हव्या त्या उमेदवाराला मत देऊ शकत होते. माझ्या सतरा तासांच्या उभे राहण्या-बसण्याची बेरीज एका राज्याच्या एका जागेच्या कितव्या हिश्श्याइतकी झाली, हे काढण्याचा मी एकदा प्रयत्न केला आणि तो कागद फाडून टाकला. त्या सुपरडेलिगेटांवरून पुढे पक्षात इतका रोष उसळला की २०१८ मध्ये, अधिवेशनात चुरस असेल तर पहिल्या फेरीतला त्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला.

३ फेब्रुवारी २०२० ला मी आमच्या विभागाची सचिव होते. या वेळी प्रत्येकाकडून पसंतीपत्रावर नाव, सही आणि दोन्ही फेऱ्यांतील निवड लिहून घ्यायची होती, आणि पहिल्याच फेरीत ज्यांचा गट टिकला त्यांना नंतर हलता येत नव्हते. पहिल्यांदाच तीन आकडे जाहीर होणार होते: पहिल्या फेरीतील माणसे, अंतिम फेरीतील माणसे आणि प्रतिनिधींचा हिशेब. आमची पत्रे साडेनऊला मोजून बांधून झाली, पण आकडे कळवण्यासाठी दिलेले ॲप चालेना आणि दूरध्वनीवर दीड तास संगीत ऐकत बसावे लागले. त्या रात्री निकाल लागलाच नाही. पुढे आकडे आले तेव्हा दोन्ही फेऱ्यांतील माणसांच्या मोजणीत बर्नी सँडर्स पुढे होते आणि प्रतिनिधींच्या हिशेबात पीट बुटिजेज निसटते पुढे होते. राष्ट्रीय प्रतिनिधी त्यांना १४ आणि सँडर्स यांना १२ मिळाले. उमेदवारी अखेर ज्यांना मिळाली ते जो बायडन आयोवात चौथे होते. माणसे आणि प्रतिनिधी यांतील ही तफावत कधीच नव्हती असे नाही. आधी ती छापली जात नव्हती एवढेच.

त्यानंतर पक्षाने आयोवाचा पहिला क्रमांक काढून घेतला आणि २०२४ मध्ये तो मान साउथ कॅरोलिनाला दिला. आमच्याकडे १५ जानेवारीला हाडे गोठवणाऱ्या थंडीत सभा झाल्या, पण त्या पक्षाच्या अंतर्गत कामकाजापुरत्या होत्या. अध्यक्षपदाची पसंती टपालाने आलेल्या पत्रावर नोंदवून ५ मार्चपर्यंत परत पाठवायची होती. माझ्या शेजारणीने ते पत्र रात्रपाळीहून आल्यावर माझ्याच टेबलावर भरले. त्यावर जो बायडन, डीन फिलिप्स, मॅरियन विल्यमसन आणि 'अनिश्चित' एवढे पर्याय होते. या राज्यात वीस वर्षे राहूनही तिने पहिल्यांदाच या निवडीत भाग घेतला होता आणि पाकीट चिकटवताना ती म्हणाली की एवढ्या सोप्या कामासाठी आम्ही इतकी वर्षे हॉलमध्ये का उभे होतो, ते तिला कळत नाही.

२१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. तिने ज्या नावापुढे खूण केली होती ते नावच स्पर्धेत उरले नाही, आणि देशभरात प्रायमरीत मत दिलेल्या लाखो लोकांचेही तेच झाले. नवीन प्रायमरी घ्यायला वेळ नव्हता. प्रतिनिधी मात्र निवडलेले होते, सुमारे चार हजार, आणि आता निर्णय त्यांचा होता. ऑगस्टच्या पहिल्या पाच दिवसांत त्यांनी संगणकावरून मत दिले आणि शिकागोचे अधिवेशन भरण्यापूर्वीच कमला हॅरिस उमेदवार झाल्या. त्या प्रतिनिधींमध्ये २०१६ च्या एप्रिलमध्ये माझ्या शेजारी बसलेले कारखान्यातील गृहस्थ होते. ते आता निवृत्त झाले आहेत आणि दोनदा पडून तिसऱ्या वेळी निवडून आले होते. मत कसे दिले, असे मी त्यांना फोनवर विचारले. ईमेलने मतपत्रिका आली, त्यांनी सांगितले, आणि कॉफी गार होण्याआधी काम झाले; तिथवर पोचायला मात्र मार्चपासून तीन शनिवार गेले.